चाईचं निदान कसं होतं: डॉक्टर काय पाहतात, काय विचारतात आणि कोणती चाचणी कशासाठी करतात

डोक्यावर किंवा दाढीत अचानक एक गुळगुळीत गोल चकती दिसते. तिथे कोंडा नसतो, जखम नसते, दुखत नाही. फक्त केस नसतात. घाबरलेला माणूस बहुतेकदा सगळ्यात आधी रक्त तपासायला देतो: हार्मोन्स, जीवनसत्त्वं, लोह, सगळं एकदम. रिपोर्ट हातात येतो आणि प्रश्न होता तिथेच राहतो, कारण चाई (वैद्यकीय नाव अ‍ॅलोपेशिया अरियाटा) ओळखणारी रक्ताची चाचणी अजून अस्तित्वात नाही. चाईचं निदान होतं ते डोळ्यांनी, बोटांनी, डर्मोस्कोप नावाच्या छोट्या भिंगाने आणि नीट विचारलेल्या प्रश्नांनी. रक्ताच्या चाचण्या आणि बायोप्सी (त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणं) यांना त्यात जागा आहे, पण त्या मागून येतात आणि प्रत्येकीला उत्तर द्यायला एक ठरावीक प्रश्न असावा लागतो.

हा लेख त्या क्रमानेच जातो. रुग्ण म्हणून किंवा रुग्णाचं घरचं माणूस म्हणून तुम्हाला कळायला हवं की समोरचे डॉक्टर हे का करताहेत, आणि कुठे थांबून तुम्ही विचारू शकता: "या चाचणीने नेमकं काय कळणार आहे?"

आधी आजाराबद्दल थोडं

वाढीच्या अवस्थेत असलेल्या केसाच्या मुळाला शरीराची रोगप्रतिकारशक्ती सहसा हात लावत नाही. त्या भागाला एक प्रकारचं संरक्षण असतं. चाईत ते संरक्षण ढासळतं आणि टी-पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मुळाभोवती जमून हल्ला करतात. केस कमकुवत होतो, त्वचेच्या पृष्ठभागाजवळ तुटतो किंवा गळतो. मूळ मात्र मरत नाही. तपासणीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न यातूनच येतो: केसाचं मूळ शाबूत आहे का? असेल तर केस परत येण्याची शक्यता उरते, अगदी काही वर्षं गेल्यावरही. काही आजारांत मात्र मूळ जळून तिथे व्रण, म्हणजे कायमचा वण, होतो आणि केस कायमचा जातो. तेही बहुतेक वेळा प्रतिकारशक्तीच्याच गडबडीतून होतात, पण त्यांचा रस्ता वेगळा आणि घाईचा आहे. चांगला डॉक्टर पहिल्या काही मिनिटांत मनातल्या मनात हीच विभागणी करत असतो.

जगभरात साधारण शंभरातल्या दोन माणसांना आयुष्यात कधी ना कधी चाई होते. लहान मूल, तरुण, म्हातारा, बाई, पुरुष, कोणालाही. बहुतेकांना पहिल्यांदा होते ती वयाच्या चाळिशीच्या आत.

भेटीला जाण्यापूर्वी

चकती दिसल्यापासूनचे फोटो तारखेसह ठेवा. प्रत्येक वेळी त्याच अंतरावरून, त्याच उजेडात काढलेले असले तर उत्तम. चकती पसरते आहे की थांबली आहे, हे तुमच्या आठवणीपेक्षा फोटो जास्त खात्रीने सांगतात.

तपासणीच्या दिवशी डोक्याला तेल, जेल किंवा टक्कल झाकणारी पावडर लावू नका. भिंगाखाली तेलाचा थर चमकतो आणि पावडरीचे कण तुटक्या केसांसारखे दिसतात. नखांवरचं नेलपॉलिश काढून जा. कारण पुढे येईलच. डोकं भादरून जाऊ नका. "तसंही जाणारच आहेत" म्हणून लोक तसं करतात आणि डॉक्टरांच्या हातातली निम्मी माहिती निघून जाते.

घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या. त्यात केसांसाठीच्या गोळ्या, पूरक आहार, काढे, मलमं सगळं आलं. दुकानातून स्वतःच आणून लावलेलं मलम तर आवर्जून सांगा. त्यात बुरशीविरोधी औषध असेल तर बुरशीची चाचणी खोटी निर्दोष येऊ शकते, आणि स्टिरॉइड असेल तर त्वचेचं आणि बायोप्सीचंही चित्र बदलतं. इथे ओशाळं व्हायचं काही कारण नाही. डॉक्टरांना हे कळलं नाही तर नुकसान तुमचंच आहे.

पहिली पायरी: प्रश्न

कधी सुरू झालं, किती वेगाने वाढलं, याआधी कधी झालं होतं का, झालं असेल तर केस आपोआप आले का. यांतून आजाराचा स्वभाव कळतो. एकच चकती, पहिल्यांदाच, काही आठवड्यांपूर्वी आलेली, अशी सुरुवात असलेल्या अनेकांचे केस वर्षभरात स्वतःहून परत येतात. लहानपणीच सुरू झालेली, पुन्हा पुन्हा येणारी, खूप पसरलेली किंवा नखांपर्यंत पोचलेली चाई जास्त चिवट असते.

मग घरातल्यांबद्दल विचारतात: कुणाला चाई, थायरॉइडचा त्रास, कोड, पहिल्या प्रकारचा मधुमेह, सोरायसिस, संधिवात आहे का. तुम्हाला स्वतःला दमा, सतत वाहणारं नाक, अंगावर खाजरा इसब आहे का. ॲलर्जीची प्रवृत्ती आणि चाई बऱ्याचदा एकत्र दिसतात. डाउन सिंड्रोम असलेल्यांमध्येही चाईचं प्रमाण जास्त आहे.

काही प्रश्न चाई सोडून दुसरं काही नाही ना, हे पाहण्यासाठी असतात. दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा अचानक खूप वजन उतरणं झालं होतं का? तसं असेल आणि केस सगळ्या डोक्यावरून मूठमूठ येत असतील, तर बहुधा मोठ्या संख्येने केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत गेलेले असतात. ते काही महिन्यांत सावरतात. घट्ट वेणी, घट्ट अंबाडा, जोडलेले केस यांनी कपाळाच्या कडेचे केस ओढून जातात. कर्करोगावरच्या इम्युनोथेरपीसारखी काही औषधं चाईसारखंच चित्र निर्माण करू शकतात.

"खाज, आग किंवा दुखणं आहे का?" हा प्रश्न वरवर साधा वाटतो, पण त्याचं उत्तर विचार करून द्या. चाईत कधी कधी केस जाण्याआधी थोडी झिणझिण किंवा खाज जाणवते, एवढंच. डोक्याची त्वचा सतत जळजळत असेल, हात लावला तरी दुखत असेल, तर व्रण करणाऱ्या आजाराची शंका वाढते आणि पुढची तपासणी लांबवून चालत नाही.

ताणाबद्दलही विचारतील. ताणानंतर चाई सुरू झाल्याचं अनेक रुग्ण सांगतात, पण ज्यांच्या आयुष्यात तसं काहीच घडलेलं नाही त्यांनाही ती होते. "तू फार विचार करतोस म्हणून झालं" हे वाक्य कुणी रुग्णाला ऐकवू नये. ते वैद्यकीयदृष्ट्या अपुरं आहे आणि माणसाला आतून दुखावणारं आहे.

दुसरी पायरी: नुसत्या डोळ्यांनी पाहणं

डोक्याचे सगळे भाग भांग पाडून पाहायला हवेत. मानेच्या वर आणि कानांमागे लपलेली चकती रुग्णाला माहीतही नसते. कानापासून मानेच्या कडेने सापासारखा पट्टा पसरलेला असेल तर तो चाईचा हट्टी प्रकार मानतात. म्हणून मागची कडा बघितल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही.

चाईच्या चकतीची त्वचा मऊ आणि नेहमीच्या रंगाची, क्वचित किंचित लालसर असते. सावळ्या त्वचेवर हा लालसरपणा सहज दिसत नाही, त्यामुळे "लाली नाही" एवढ्यावरून दाह नाही असा निष्कर्ष काढू नये. केसांची छिद्रं दिसतात का, हे डॉक्टर वाकून बघतात. छिद्रं दिसत असतील तर मूळ शाबूत. त्वचा चकाकती, ताणलेली, छिद्रंच नाहीशी झालेली असेल तर व्रण झाला आहे असं समजायचं.

कधी कधी पांढरे केस शिल्लक राहतात आणि काळेच गळतात, कारण हल्ला रंग असलेल्या केसांवर जास्त होतो. मिश्र केसांचा माणूस मग थोड्या दिवसांत पांढराशुभ्र झाल्यासारखा वाटतो. "रात्रीत केस पांढरे झाले" अशा गोष्टींमागे बऱ्याचदा हे कारण असतं.

ठळक चकत्या नसून डोक्यावर जागोजागी, कसर लागलेल्या लोकरी कापडासारखे विरळ डाग दिसले तर डॉक्टर सिफिलिस या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजाराची रक्तचाचणी सांगतील. तो प्रश्न तुमच्या चारित्र्यावर नसतो. तो आजार चाईची नक्कल करतो आणि औषधाने पूर्ण बरा होतो, म्हणून तो चुकवणं परवडत नाही.

तिसरी पायरी: केस ओढून पाहणं

याला पुल टेस्ट म्हणतात. अंगठा आणि दोन बोटांत पन्नास-साठ केसांचा झुबका धरून मुळापासून टोकाकडे हळू पण सलग ओढतात. चकतीच्या कडेला आणि शिवाय दूरच्या, चांगल्या दिसणाऱ्या भागातही. पूर्वी दहा टक्क्यांहून जास्त केस हातात आले तर चाचणी सकारात्मक धरत. आता बरेच तज्ज्ञ दोनपेक्षा जास्त केस आले तरी लक्ष देतात. कडेला केस सहज निघत असतील तर चकती अजून पसरते आहे. दूरच्या भागातही निघत असतील तर आजार दिसतो त्याहून मोठा आहे, आणि उपचार ठरवताना हे लक्षात घ्यावं लागतं.

निघालेला केस फेकून न देता भिंगाखाली बघावा. विश्रांतीत गेलेल्या केसाच्या मुळाशी गोलसर पांढरा गोळा असतो. चाईच्या केसाचं मूळ निमुळतं, तुटकं, बिघडलेलं दिसू शकतं.

चौथी पायरी: डर्मोस्कोप

माझ्या मते संपूर्ण तपासणीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच. वेदना नाही, सुई नाही, वेळ थोडा, आणि अनेकदा बायोप्सीची गरजच संपते. डॉक्टर दहापट किंवा त्याहून मोठं करून दाखवणारं, दिवा बसवलेलं भिंग चकतीवर आणि तिच्या कडेवर ठेवतात.

चाईत पुढच्या खुणा शोधतात. काही मिलिमीटर उंचीचे, वर जाड आणि मुळाशी बारीक होत गेलेले केस, म्हणजे उद्गारचिन्ह केस. हे चकतीच्या कडेला सापडतात आणि आजार सध्या जागा असल्याचं सांगतात. काळे ठिपके, म्हणजे त्वचेच्या पातळीवरच तुटलेले केस. हेही चालू हल्ल्याची खूण. पिवळे ठिपके म्हणजे तेल आणि केराटिनने (केस ज्याचे बनतात ते प्रथिन) भरलेली, केस नसलेली छिद्रं. ती जुन्या आणि पसरलेल्या चाईतही टिकून असतात. सावळ्या त्वचेवर याशिवाय बारीक पांढरे ठिपके दिसतात, त्यांतले बरेचसे घामाच्या छिद्रांचे असतात, त्यांना घाबरू नये. आणि बारीक, आखूड, फिकट लव. ती केस परत येण्याची सुरुवात असू शकते किंवा जुन्या आजारात छोटी झालेली मुळं. कुठली, ते बाकीच्या खुणांवरून आणि पुढच्या भेटीतल्या तुलनेवरून ठरतं.

यातली एकच खूण पाहून निदान करू नये. पिवळे ठिपके पुरुषी पद्धतीच्या टकलातही दिसतात, काळे ठिपके बुरशीतही. खुणांचा एकत्रित संच बोलतो.

चाईची नक्कल करणाऱ्यांना वेगळं काढायलाही हेच भिंग उपयोगी पडतं. मुलांच्या डोक्यातला नायटा, म्हणजे बुरशीचा संसर्ग, बऱ्याचदा चाई समजला जातो. त्यात केस स्वल्पविरामासारखे वाकलेले किंवा मळसूत्रासारखे पिळलेले दिसतात, आणि सहसा पापुद्रे किंवा खाज असते. स्वतःचे केस ओढण्याची सवय असेल तर वेगवेगळ्या लांबीवर तुटलेले, टोकाला चिरलेले केस आणि मधूनमधून रक्ताचे बारीक ठिपके सापडतात. ही सवय मुलांत आणि मोठ्यांतही असते, बऱ्याचदा नकळत; डॉक्टर ती आरोपाच्या सुरात विचारत नाहीत आणि घरच्यांनीही विचारू नये.

व्रण करणाऱ्या आजारांत छिद्रं हरवलेली असतात आणि उरलेल्या केसांच्या मुळाभोवती पांढरट पापुद्र्याचं कडं असतं. कपाळाची केसांची रेषा मागे सरकत चालली आहे आणि भुवयाही विरळ झाल्या आहेत, असं मध्यमवयीन बाईला जाणवलं, तर चाई म्हणून गप्प बसू नका. फ्रंटल फायब्रोसिंग अ‍ॅलोपेशिया नावाचा आजार असाच येतो आणि गेलेले केस त्यात परत येत नाहीत. असलेले वाचवणं एवढंच हातात असतं.

पाचवी पायरी: नखं, भुवया, बाकीचं शरीर

नखांकडे लक्ष न देता झालेली चाईची तपासणी अर्धवट आहे. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक, ओळीत बसलेले खड्डे, सॅंडपेपरसारखा खरखरीतपणा, नखाच्या मुळाशी लालसर ठिपके यांतलं काही आढळलं तर निदानाला आधार मिळतो आणि आजार जास्त चिवट असण्याची सूचनाही.

भुवया, पापण्या, दाढी, काखा, हातपाय आणि गुप्तभागातले केस यांची विचारपूस होते. संकोच वाटला तर तोंडी सांगितलं तरी चालतं. पापण्यांचे केस गेले तर डोळ्यांत धूळ आणि घाम जातो, नाकातले केस गेले तर नाक वाहतं. हे त्रास रुग्ण स्वतःहून सांगत नाहीत, कारण ते केसांच्या आजाराशी जोडलेले आहेत हे त्यांना ठाऊकच नसतं. सांगा.

त्वचेवर कोडाचे पांढरे डाग आहेत का, मानेत थायरॉइडची गाठ लागते का, कानाच्या पाळीत किंवा चेहऱ्यावर ल्युपसचे (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा एक आजार) खवलेदार डाग आहेत का, हेही याच वेळी पाहून होतं.

सहावी पायरी: किती केस गेले, हे आकड्यात

"बरेच गेले" हा शब्दप्रयोग पुढच्या भेटीत काहीच कामाचा नसतो. म्हणून सॉल्ट नावाची मोजणी वापरतात. डोक्याचे चार भाग: माथा 40 टक्के, मागचा भाग 24 टक्के, उजवी आणि डावी बाजू प्रत्येकी 18 टक्के. प्रत्येक भागात किती केस गेले ते अंदाजून त्या भागाच्या टक्केवारीने गुणायचं आणि चारही आकड्यांची बेरीज करायची.

समजा माथ्यावरचे निम्मे केस गेले: 40 चे निम्मे, 20. मागचे पाव गेले: 24 चा चौथा हिस्सा, 6. उजवीकडचे दहावा हिस्सा गेले: 1.8. डावी बाजू ठीक. एकूण 27.8, म्हणजे सॉल्ट सुमारे 28. शून्य म्हणजे केस पूर्ण, शंभर म्हणजे डोक्यावर एकही नाही. सर्वसाधारणपणे 20 पर्यंत सौम्य, 21 ते 49 मध्यम, 50 आणि पुढे तीव्र असं धरतात.

पण आकडा सगळं सांगत नाही, आणि हे आता तज्ज्ञांच्या वर्गीकरणातही आलं आहे. सॉल्ट कमी असला तरी भुवया-पापण्या ठळकपणे गेल्या असतील, केस भराभर गळत असतील, सहा महिन्यांच्या उपचाराने फरक पडला नसेल किंवा माणसाचं जगणं त्याने विस्कटलं असेल, तर तीव्रता एक पायरी वर धरतात. "थोडेच तर गेलेत" असं म्हणून कुणी वाटेला लावत असेल तर ही गोष्ट त्यांच्यासमोर ठेवायला हरकत नाही. तुमचा सॉल्ट किती, हे विचारा आणि लिहून ठेवा. पुढे औषध लागू पडतं आहे की नाही, याचं उत्तर त्याच आकड्यावर मिळणार आहे.

रक्ताच्या चाचण्या: कोणत्या, आणि का

चकती स्पष्ट चाईची असेल, माणूस बाकी तंदुरुस्त असेल, तर अनेकदा रक्ताची एकही चाचणी लागत नाही. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच म्हटलं आहे. तरीही चाचण्यांची लांबलचक यादी अनेकांच्या हातात पडते, म्हणून एकेकीचा हिशेब मांडतो.

थायरॉइड. चाई असलेल्यांमध्ये थायरॉइडचे आजार इतरांपेक्षा जास्त आढळतात. थकवा, वजनातला बदल, थंडी सहन न होणं, पाळीची गडबड, घरात कुणाला थायरॉइड, किंवा रुग्णाला डाउन सिंड्रोम, यांतलं काही असेल तर टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी जरूर करावी. लक्षणं नसताना ती करावी का, यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. एकदा करून ठेवण्यात फारसं नुकसान नाही. थायरॉइडविरोधी अँटिबॉडी सापडल्या पण टीएसएच व्यवस्थित असेल, तर सहसा औषध लागत नाही, अधूनमधून टीएसएच बघत राहायची. आणि थायरॉइडची गोळी थायरॉइडसाठी असते. ती घेतल्याने चाई जाईल, अशी आशा कुणी दाखवत असेल तर ती मनात धरू नका.

इथेच एक सूचना, जी मला प्रत्येक रुग्णाच्या कानावर जावी असं वाटतं. केसांसाठीच्या बहुतेक गोळ्यांत बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व असतं, आणि मोठ्या मात्रेत घेतलेलं बायोटिन प्रयोगशाळेतल्या काही चाचण्यांत ढवळाढवळ करतं. टीएसएच खोटी कमी आणि थायरॉइड हार्मोन खोटं जास्त दिसू शकतं, म्हणजे नसलेला थायरॉइडचा आजार कागदावर उमटतो. हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिन चाचणीही यामुळे खोटी कमी येऊ शकते; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. रक्त देण्यापूर्वी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावं, मात्रा फार मोठी असेल तर आणखी आधी, आणि प्रयोगशाळेलाही सांगावं.

हिमोग्राम आणि फेरिटिन. केस सगळ्या डोक्यावरून विरळ होत असतील, पाळीत रक्तस्राव जास्त असेल, थकवा असेल, तर लोहाची कमतरता शोधणं योग्य. फेरिटिन शरीरातला लोहाचा साठा दाखवतं, पण दाह किंवा संसर्ग असतानाही ते वाढतं, त्यामुळे ताप असताना केलेली चाचणी भरपूर लोह असल्याचा खोटा दिलासा देऊ शकते. ड जीवनसत्त्व चाई असलेल्यांत कमी आढळल्याचे अभ्यास आहेत. कमी असेल तर भरून काढावं, हाडांसाठी तरी. पण त्याने चाई बरी होते, हे सिद्ध झालेलं नाही. जस्त, बी-12 यांचंही तसंच: आहारावरून किंवा लक्षणांवरून शंका असेल तर करा.

एएनए. ही ल्युपससारख्या आजारांसाठीची चाचणी. सांधे दुखणं, उन्हाने चेहऱ्यावर पुरळ, तोंडात फोड, व्रण करणारी केसगळती अशी काही चिन्हं असतील तरच करावी. पूर्ण निरोगी असलेल्या बऱ्याच माणसांतही ती थोडी सकारात्मक येते. कारणाशिवाय केली की एका कागदापायी महिनोन् महिने काळजी वाढते आणि एकातून दुसरी चाचणी निघत राहते.

बुरशीसाठी रक्त लागत नाही. चकती खरवडून पापुद्रा आणि तुटके केस घेतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आणि उरलेला नमुना वाढवायला ठेवतात. पहिलं उत्तर त्याच दिवशी मिळू शकतं, दुसऱ्याला काही आठवडे लागतात. वुड्स लॅम्पच्या निळसर उजेडात काही बुरशी हिरवट चमकतात. सगळ्या चमकत नाहीत, म्हणून चमक दिसली नाही तरी बुरशी नाही असं होत नाही. लहान मुलाच्या डोक्यावर पापुद्रे असलेली चकती असेल तर ही चाचणी झाल्याशिवाय स्टिरॉइड मलम सुरू करू नये, कारण बुरशीवर स्टिरॉइड लावणं म्हणजे तिला मोकळं रान देणं.

बायोप्सी कधी

भिंगाने आणि प्रश्नांनी उत्तर मिळालं नाही तरच. विशेषतः तीन प्रसंगांत: व्रण करणाऱ्या आजाराची शंका असेल, चकत्या नसून सगळीकडून विरळ होत चाललेली चाई असेल, किंवा उपचार ठीक चालूनही चित्र जुळत नसेल.

जागा बधिर करून साधारण 4 मिलिमीटर व्यासाचे एक किंवा दोन छोटे तुकडे घेतात. दोन घेतले तर एक आडवा कापून आणि एक उभा कापून पाहता येतो. आडव्या कापात एकाच वेळी अनेक मुळं मोजता येतात. तुकडा कुठून घेतात याला फार महत्त्व आहे. पूर्ण टक्कल पडलेल्या मध्यभागातून घेतला तर व्रणाच्या आजारात तिथे फक्त राख सापडते. आग कुठे आहे ते कडेला, अजून केस असलेल्या भागात कळतं. रिपोर्टमध्ये मुळाच्या खालच्या टोकाभोवती लिम्फोसाइट पेशींची (टी-पेशी याच गटातल्या) गर्दी लिहिलेली असेल तर ते चाईचं चित्र. ल्युपसची शंका असेल तर आणखी एक तुकडा इम्युनोफ्लुरोसन्स या खास तपासणीसाठी वेगळ्या द्रावात पाठवतात.

टाका एखाद-दुसरा, तो आठ-दहा दिवसांत निघतो. रक्त पातळ करणारी औषधं, बधिरतेच्या औषधाची ॲलर्जी, चकतीत नुकतीच दिलेली स्टिरॉइडची इंजेक्शनं, हे सगळं आधी सांगायचं. त्या जागी बारीक खूण राहते. केस वाढले की ती झाकली जाते.

मनाची तपासणी हाही तपासणीचाच भाग

चांगल्या दवाखान्यात झोप, भूक, कामावर किंवा शाळेत जाणं, लोकांत मिसळणं यांबद्दल विचारतात. त्यासाठी ठरावीक प्रश्नावल्याही आहेत. त्वचेच्या आजाराने जगण्यावर झालेला परिणाम मोजणारी डीएलक्यूआय ही दहा प्रश्नांची, तिचे गुण शून्य ते तीस. उत्तरं खरी द्या. केस गेल्यावर माणूस आरशापासून, फोटोंपासून, समारंभांपासून लांब राहायला लागतो आणि त्याबद्दल बोलायची लाज वाटते, कारण "जिवावर बेतणारं तर काही नाही" असं चारचौघं म्हणत असतात. हा त्रास खरा आहे आणि उपचारांची निवड त्यावरही ठरते. जगणं नकोसं वाटत असेल तर ते त्याच भेटीत, त्याच डॉक्टरांना सांगा. ते पुढच्या भेटीसाठी राखून ठेवायचं नाही.

लहान मूल रुग्ण असेल तर आईवडिलांशी बोलून झाल्यावर त्याच्याशी वेगळं दोन मिनिटं बोललं पाहिजे. वर्गातली मुलं काय म्हणतात, टोपी घालावीशी वाटते का, हे ते घरच्यांसमोर सांगत नाही.

उपचारांआधीच्या चाचण्या

या चाचण्या निदानासाठी नसतात. औषध सुरक्षित देता यावं म्हणून असतात, आणि यादी औषधावर ठरते. एक-दोन चकत्यांत स्टिरॉइडची इंजेक्शनं द्यायची असतील तर सहसा काहीच लागत नाही, मधुमेह असेल तर साखरेवर लक्ष ठेवतात. स्टिरॉइडच्या गोळ्या द्यायच्या तर रक्तदाब, साखर, वजन, डोळे, आणि मुलांत उंचीसुद्धा. संवेदनशीलता निर्माण करणारं रसायन लावण्याचा उपचार, डीपीसीपी, करायचा असेल तर आधी छोट्या जागी लावून त्वचेला त्याची ओळख करून देतात आणि मग अगदी पातळ द्रावापासून सुरुवात करतात. गर्भारपणात तो टाळतात.

सगळ्यात काटेकोर तपासणी जॅक इनहिबिटर गोळ्यांसाठी. तीव्र चाईसाठी अमेरिकेत बॅरिसिटिनिबला 2022 मध्ये प्रौढांसाठी आणि रिटलेसिटिनिबला 2023 मध्ये बारा वर्षांपुढच्यांसाठी मान्यता मिळाली. या गोळ्या प्रतिकारशक्तीचा एक रस्ता अडवतात, म्हणून शरीरात झोपलेले संसर्ग जागे होऊ शकतात. सुरुवातीला दडलेला क्षयरोग शोधतात (रक्ताची किंवा त्वचेवरची चाचणी, गरज पडली तर छातीचा एक्स-रे), हिपॅटायटिस बी आणि सी पाहतात, बऱ्याचदा एचआयव्हीही. हिमोग्राम, यकृत, मूत्रपिंड आणि कोलेस्टेरॉल आधी करून ठेवतात आणि औषध चालू असताना ठरावीक अंतराने पुन्हा. गर्भधारणा नाही याची खात्री करतात. पायात गुठळी, हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, धूम्रपान यांचा इतिहास विचारतात, कारण या गटाच्या औषधांवर त्याबद्दलचे गंभीर इशारे आहेत. नागीण आणि इतर आजारांवरच्या लसी आधी उरकून घ्यायच्या असतात. जिवंत विषाणूंची लस औषध चालू असताना घेता येत नाही. कुणी यातलं काहीही न तपासता या गोळ्या लिहून देत असेल तर दुसरं मत घ्या.

पुढच्या भेटी

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून पंधरा दिवसांनी फरक शोधण्यात अर्थ नाही. साधारण तीन महिन्यांनी त्याच भागांचे फोटो, तोच सॉल्ट, तीच पुल टेस्ट, तेच भिंग. भिंगाखाली आधी उद्गारचिन्ह केस आणि काळे ठिपके कमी होतात, मग सरळ उभे छोटे केस दिसू लागतात. डोळ्यांना जाणवायच्या आधी हे कळतं. परत येणारे केस सुरुवातीला पांढरे किंवा फिकट असू शकतात, पुढे बऱ्याच जणांत रंग येतो.

मधेच नवी चकती दिसली, भुवया जायला लागल्या, चकतीत वेदना किंवा पू झाला, किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असताना ताप, अंगावर एका बाजूला वेदनादायी फोड, एका पायाला सूज, छातीत दुखणं किंवा धाप असं काही झालं, तर ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही. छातीत दुखणं आणि धाप यांसाठी तर त्वचेच्या डॉक्टरांकडे न जाता थेट तातडीच्या विभागात जायचं, आणि घेत असलेल्या गोळ्यांची नावं, बायोटिनसह, तिथे पोचताच सांगायची.